मॉडेल रेल्वे: स्मारक डबे आणि गमतीच्या वाघिणी, काय ठेवावं आणि काय द्यावं?

रुळवेडा (धागाकर्ता)

परवा कपाट आवरायला काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळे डबे मोजले. १४३ भरले. त्यातले रुळांवर नियमित धावणारे जेमतेम चाळीस. बाकी सगळे स्मारक डबे, म्हणजे कुठल्या कंपनीला पन्नास वर्षं झाली, कुठल्या संग्राहक-संघाचं अधिवेशन भरलं, नाताळ आला, अशा निमित्तांनी काढलेले. त्यांच्या जोडीला गमतीचे डबे: छपरातून मान बाहेर काढणारा जिराफ, काचेमागे पोहणारे मासे, क्षेपणास्त्र लागलं की चारी भिंती उडवून देणारी वाघीण (म्हणजे मालगाडीचा डबा). कपाट एकच आहे आणि दुसरं येणार नाही, हे घरात ठरलेलं आहे. पन्नास-साठ डबे कुणा दुसऱ्या वेड्याच्या हाती सोपवायचे आहेत. तीन संध्याकाळी बसलो, एकही बाजूला काढता आला नाही.

म्हणून आधी निकष ठरवावा असं वाटलं. तो कसा सुचला ते सांगतो, मग तुम्ही दुरुस्त करा.

एका जुन्या लॉटमध्ये लायनेल या अमेरिकन खेळण्यातल्या रेल्वे कंपनीच्या 'स्पिरिट ऑफ ७६' मालिकेतल्या बंद वाघिणी मिळाल्या होत्या. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०० वर्षं झाली त्या निमित्ताने मूळच्या १३ राज्यांची प्रत्येकी एक वाघीण, पुढे १७७६ क्रमांकाचं डिझेल इंजिन, शेवटी गार्डाचा डबा. मी त्या रंगसंगतीप्रमाणे लावल्या होत्या. परवा पुसता पुसता नंबर वाचले. ७६०१ डेलावेअर, ७६०२ पेनसिल्व्हेनिया, ७६०३ न्यू जर्सी, आणि सगळ्यात शेवटी ७६१३ ऱ्होड आयलंड. अक्षरांचा क्रम नाही, नकाशाचाही नाही. थोडं वाचल्यावर उलगडलं: ज्या क्रमाने राज्यांनी संघराज्याच्या घटनेला मान्यता दिली तो हा क्रम. डेलावेअरने ७ डिसेंबर १७८७ ला पहिली मान्यता दिली. ऱ्होड आयलंड अडून बसलं ते २९ मे १७९० पर्यंत. वाघिणी नंबराप्रमाणे लावल्या आणि ती अडीच वर्षं फळीवर ओळीने उभी राहिली. इंजिनाचा नंबरही हवेतून आलेला नाही. सीबोर्ड कोस्ट लाइन या खऱ्या रेल्वेने १९७१ मध्येच आपलं एक डिझेल इंजिन लाल-पांढऱ्या-निळ्या रंगात रंगवून त्याला १७७६ क्रमांक दिला होता, आणि पुढे कितीतरी रेल्वेंनी तोच कित्ता गिरवला.

याच फळीवर दुसरे डबे असे आहेत की त्यांच्यावर नुसतं 'मर्यादित आवृत्ती' आणि साल छापलंय. कशाची आठवण, ते डबा सांगत नाही.

तर माझा कच्चा निकष: ज्या डब्यामागे खऱ्या रेल्वेची किंवा इतिहासाची गोष्ट आहे तो ठेवायचा, बाकीचे द्यायचे. हे पटतं का? आणि या निकषावर माझा जिराफ टिकतो का? त्याच्यात जीव अडकलाय, म्हणून विचारतो. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

*

एन_गेज

छान धागा. निकषाआधी एक साधा प्रश्न: सगळे एकाच मापाचे आहेत का? माझ्याकडे स्मारक डब्यांपायी ओ, एचओ, डबल-ओ आणि एन असं सगळं एका फळीवर जमलं होतं. एचओ म्हणजे खऱ्या रेल्वेच्या १:८७ आणि ब्रिटिश डबल-ओ म्हणजे १:७६, दोन्ही १६.५ मिमीच्या रुळांवरच धावतात, पण शेजारी ठेवले की ब्रिटिश वाघीण फुगलेली दिसते. शेवटी एनवर, म्हणजे १:१६० आणि ९ मिमी रुळांवर आलो. अमेरिकेतल्या मायक्रो-ट्रेन्स कंपनीने राज्यांची, राष्ट्राध्यक्षांची अशा मालिका एनमध्ये काढल्यात, आणि अख्खी मालिका एका अरुंद फळीवर मावते. जागा हाच प्रश्न असेल तर मापापासून सुरुवात करा.

*

तिसरा_रूळ

जिराफ आधी कपाटात परत ठेवा, मग बोलू.

तो बहुधा लायनेलचा ३३७६ क्रमांकाचा असणार, १९६० चा. बाजूवर ब्रॉन्क्स झू लिहिलेलं असेल. ब्रिटनमध्ये ट्राय-अँग कंपनीनेही साठच्या दशकात आपला जिराफ काढला होता. हे डबे बघून लोक हसतात आणि पुढे जातात, पण त्याची यंत्रणा नीट बघा. रुळाशेजारी एक खांब, त्याच्या आडव्या हाताला लोंबणाऱ्या दोऱ्या. डबा तिथे पोचला की तळातला खटका रुळालगतच्या पट्टीवर चढतो आणि मान खाली जाते. सगळं काम खालचा खटका करतो. दोऱ्यांचा यंत्रणेशी काही संबंध नाही. मग त्या टांगल्या कशाला?

कारण खऱ्या रेल्वेवर त्या होत्या. अमेरिकेत त्यांना टेल-टेल म्हणत. एअर ब्रेक सर्रास होण्याआधी मालगाडी थांबवायची तर ब्रेकमन छपरांवरून पळत जायचे, धावत्या गाडीत एका डब्यावरून दुसऱ्यावर उडी टाकायची आणि प्रत्येक डब्याचं ब्रेकचाक हाताने आवळायचं. रात्र असो, बर्फ असो, छप्पर ओलं असो. पुढे बोगदा किंवा बुटका पूल आला आणि माणसाचं तोंड मागच्या दिशेला असलं तर डोकं आपटून जीव जायचा. म्हणून पुलाच्या थोडं अलीकडे रुळांवर आडव्या तारेला दोऱ्या टांगत. दोऱ्या अंगावर आपटल्या की विचार न करता आडवं व्हायचं. वेस्टिंगहाउसचं एअर ब्रेकचं पेटंट १८६९ चं, आणि अमेरिकेत एअर ब्रेक व आपोआप जुळणारे कपलर (डबे जोडणारे आकडे) सक्तीचे करणारा कायदा १८९३ चा. मधली चोवीस वर्षं माणसं छपरांवर मरत होती.

लायनेलने १९५६ मध्ये वाबॅश रेल्वेच्या नावाचा ३४२४ काढला. छपरावर ब्रेकमन उभा. टेल-टेल आली की आडवा पडतो, पलीकडे गेला की उभा राहतो. जिराफ चार वर्षांनी आला, त्याच कल्पनेतून. तेव्हा तुमच्या निकषावर जिराफ टिकतो, आणि माझ्या मते पहिल्या फळीवर टिकतो. फक्त त्याला खांबाशिवाय ठेवू नका. दोऱ्यांशिवाय तो नुसता जिराफ उरतो.

माशांचा डबाही तसाच. ३४३५, १९५९ चा. आत चित्रांची फिल्म रिळांवर फिरते, मागे दिवा, म्हणून मासे पोहताना दिसतात. आता खरा इतिहास ऐका. अमेरिकेच्या मत्स्य आयोगाने १८८१ पासून माशांची पिल्लं देशभर पोचवायला खास रेल्वे डबे चालवले. त्याच्याही आधी, १८७३ मध्ये, लिव्हिंग्स्टन स्टोन हे गृहस्थ जिवंत मासे घेऊन रेल्वेने कॅलिफोर्नियाला निघाले होते. नेब्रास्कात एल्कहॉर्न नदीवरचा पूल कोसळला आणि मत्स्यालयाचा डबा नदीत गेला. स्टोन वाचले. मासे त्यांना न विचारता नेब्रास्कातच उतरले. मी माझा ३४३५ पुलाच्या पलीकडे उभा करून ठेवतो, अलीकडे कधीच नाही.

कोंबड्यांच्या डब्यात झाडू मारणारा माणूस? खऱ्या कुक्कुट-वाघिणींत कोंबड्यांबरोबर माणूस प्रवास करायचा, दाणापाणी करायला. त्याला मधे छोटी खोली असायची. दुधाचा डबा, ३४६२, १९४७ चा: छपरावरच्या झडपेतून किटल्या भरायच्या, बटण दाबलं की दार उघडून पांढऱ्या कपड्यातला माणूस एकेक किटली फलाटावर ढकलतो. लायनेलच्या सगळ्यात जास्त खपलेल्या डब्यांपैकी हा एक. ज्यांनी खरी दूधगाडी कधी पाहिली नाही त्यांना तिचं सकाळचं काम हा डबा एका बटणात दाखवतो. गुरांच्या डब्यात तर गुरं खरोखर चालत बाहेर येतात. विजेच्या गुंडाळीने फलाट थरथरतो आणि त्या थरथरीवर ती पुढे सरकतात.

आणि स्फोट होणारी वाघीण देऊन टाकणार असाल तर तिची गोष्ट लिहून द्या. १९५७ मध्ये स्पुटनिक गेला आणि दोनेक वर्षांत लायनेलच्या कॅटलॉगात रॉकेट, क्षेपणास्त्रं, हेलिकॉप्टर उडवणाऱ्या वाघिणी आल्या. दुधाच्या किटलीपासून क्षेपणास्त्रापर्यंत बारा वर्षं. ती बारा वर्षं एकाच फळीवर मांडता आली तर मांडा, एवढीच विनंती.

*

फाटकवाला

+१. वरच्या प्रतिसादाची वाचनखूण साठवली.

*

कागदी_खोका

'मर्यादित आवृत्ती' या दोन शब्दांबद्दल मला मनापासून बोलायचंय, कारण माझी पहिली दहा वर्षं त्यांच्यामागे गेली.

मर्यादा कशाची, हे आधी बघायचं. डब्याबरोबरच्या प्रमाणपत्रावर 'अमुकपैकी तमुक' असा क्रमांक असेल तर आकडा तरी कळतो. 'या वर्षापुरतंच उत्पादन' लिहिलेलं असेल तर मर्यादा वर्षाची आहे, नगांची नाही. त्या वर्षात मागणी येईल तेवढे निघू शकतात. आणि 'पहिली आवृत्ती' लिहिलं असेल तर दुसरी येणार हे त्यातच आलं. तिन्ही गोष्टी प्रामाणिक असू शकतात, पण वेगळ्या आहेत. मी पहिल्या वर्षांत तिन्ही एकच समजत होतो.

दुसरं असं की जे डबे संग्रहासाठीच म्हणून विकले गेले ते सगळ्यांनी जपले. खोका जपला, कागद जपला, हात लावला नाही. मुलांनी खेळून मोडलेल्या दुधाच्या डब्यांचे शाबूत नमुने कमी उरलेत, कारण ते जपायचे असतात असं तेव्हा कुणाला वाटलं नव्हतं. दुर्मिळता छापून आणता येत नाही हे मी उशिरा शिकलो.

खोका मात्र खरंच जपा. अमेरिकन संग्राहकांच्या संघटनेने, म्हणजे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या ट्रेन कलेक्टर्स असोसिएशनने, वस्तूच्या अवस्थेचे दर्जे ठरवून दिलेत. त्याच धर्तीवर संग्राहक सी-१ ते सी-१० अशी श्रेणी बोलताना वापरतात, आणि खोक्याची अवस्था वेगळी सांगतात. देताना 'छान आहे' असं लिहू नका. चाकं कशी, कपलर मूळचे की बदललेले, छपराची झडप शाबूत का, खोक्याची कुठली कडा फाटलीय, हे लिहा. घेणाऱ्याचा विश्वास तिथे बसतो.

*

फाटकवाला

जाहिरातींच्या डब्यांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. उत्पादनांची नावं मिरवणाऱ्या रंगीत वाघिणी म्हणजे खेळणीवाल्यांची कल्पना असं बऱ्याच जणांना वाटतं. अमेरिकेत शीतवाघिणी भाड्याने देणाऱ्या कंपन्या माल पाठवणाऱ्याचं नाव आणि भलंमोठं चित्र वाघिणीच्या अख्ख्या बाजूवर रंगवून देत. लोणी, मांस, बीअर, चीज, सगळं. पण अशा वाघिणीत दुसरा व्यापारी आपला माल भरायला तयार होईना, आणि भाड्याच्या आडून जाहिरात म्हणजे माल पाठवणाऱ्याला चोरवाटेने दिलेली सवलत ठरत होती. १९३४ मध्ये इंटरस्टेट कॉमर्स कमिशनने, म्हणजे रेल्वेवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी आयोगाने, अशा जाहिरातींवर बंदी घातली आणि पुढच्या काही वर्षांत त्या रुळांवरून गेल्या. आज मॉडेलमध्ये दिसतात त्या रंगांचं मूळ तिथे आहे.

ब्रिटनमध्ये खाणी आणि कोळसा व्यापाऱ्यांच्या स्वतःच्या लाखो वाघिणी होत्या, प्रत्येकीवर मालकाचं नाव ठळक अक्षरांत. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर त्या सरकारी ताब्यात एकत्र केल्या गेल्या, १९४८ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं, आणि ती अक्षरं पुसली गेली. आज तिथली छोटी दुकानं आणि वारसा रेल्वे आपापल्या गावच्या जुन्या व्यापाऱ्याच्या वाघिणीची छोटी आवृत्ती काढतात, त्यातल्या पुष्कळ खऱ्या वाघिणींच्या छायाचित्रांवरून बनवलेल्या असतात. तिथल्या हॉर्नबी या खेळण्यातल्या रेल्वे कंपनीने तर १९२० च्या दशकातच कार्स, क्रॉफर्ड्स आणि जेकब्स या बिस्किट कंपन्यांच्या पत्र्याच्या वाघिणी काढल्या होत्या.

रुळवेडा, तुमच्याकडे जाहिरातीचा डबा असेल तर तो व्यापारी खरा होता का, हे शोधा. असेल तर ठेवा.

*

कंदील

मी या धाग्यावर थोडी विरोधात बोलणार आहे.

माझ्याकडे १९ डबे आहेत, वर्षाला एक. नुसतं साल आणि हिवाळ्याचं चित्र. त्यांत खरी रेल्वे कुठेच नाही, इतिहासही नाही. मुलगी जन्मली त्या वर्षी पहिला घेतला. दर डिसेंबरला नवा डबा रांगेत शेवटी, गार्डाच्या डब्याच्या पुढे जोडायचा, तिने स्वतः. पहिली दोन वर्षं तिचा हात धरून मी जोडला. पाचव्या डब्याचा एक कपलर मोडका आहे, कारण त्या वर्षी तिने एकटीने जोडायचा हट्ट धरला. तो मी बदललेला नाही आणि बदलणार नाही. गाडी दरवर्षी लांबते, आता ती टेबलावर वळणात मावत नाही, म्हणून सरळ रुळांवरच उभी असते.

रुळवेडांच्या निकषाने हे १९ च्या १९ बाहेर जातील. म्हणजे निकषात काहीतरी राहिलंय. डबा कशाची आठवण आहे हे कारखान्यातच ठरतं, असं तुम्ही धरलंय. काही डब्यांवर आठवण नंतर चढते.

एक गोष्ट मी केली नाही आणि आता करते आहे. प्रत्येक डब्याच्या खोक्यात एक चिठ्ठी: त्या वर्षी कोणी जोडला, कोण हजर होतं. माझ्या आजीच्या वेळचे कितीतरी फोटो घरात आहेत ज्यांतली माणसं कोण, हे सांगायला आता कोणी नाही.

*

एन_गेज

कंदील, पाचव्या डब्याबद्दल वाचून थांबलो. पूर्ण सहमत.

*

रुळवेडा (धागाकर्ता)

कंदील, तुमचं म्हणणं मला पूर्ण पटलं. निकष बदलतो. 'हा डबा माझ्याकडे का आहे' याचं एक वाक्य लिहिता आलं पाहिजे, मग ते वाक्य इतिहासाचं असो की घरातलं. आज वही घेऊन बसतोय.

पण डबे बाहेर काढल्यावर दोन भयंकर गोष्टी दिसल्या, त्यांवर सल्ला हवाय. एक, खोक्यातला स्पंज काही डब्यांना चिकटलाय, तपकिरी चिखल झालाय त्याचा. दोन, एका युद्धपूर्व वाघिणीच्या ओतीव चाकांना बारीक भेगा पडल्यात आणि चाकं किंचित फुगलीत. आसावर घट्ट बसून फिरत नाहीत. मी पाडलेली नाहीत, नुसती ठेवली होती.

*

जुनापुराणा

रुळवेडा, दोन्ही रोग ओळखीचे आहेत. एक थांबवता येतो, दुसरा नाही.

स्पंज पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या दमटपणाने तो वर्षानुवर्षं विघटित होत जातो. आधी पिवळा, मग चिकट, मग भुगा. ज्या खोक्यांत स्पंज आहे ते सगळे आजच उघडा आणि स्पंज काढून टाका, चांगला दिसत असला तरी. चिकटलेला भाग ओढू नका, रंग सोबत येईल. आधी लाकडी काडीने किंवा मऊ प्लास्टिकच्या पट्टीने सुटेल तेवढा सुटवा, मग कोमट पाणी आणि भांडी घासायच्या सौम्य साबणाचे एक-दोन थेंब, मऊ ब्रश. छापील अक्षरांवर घासायचं नाही, नुसतं टिपायचं. स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश काढायचं द्रव यांतलं काहीही जवळ आणू नका. जागी आम्लविरहित टिश्यू कागद वापरा. काही प्रकारचं मऊ, पारदर्शक प्लास्टिक पीव्हीसीचं असतं, त्यातलं मऊ करणारं द्रव्य बाहेर झिरपतं आणि डब्याच्या प्लास्टिकवर कायमचा ठसा सोडतं. पिशव्या बदलणार असाल तर पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीन घ्या.

आता चाकं. याला झिंक पेस्ट म्हणतात, म्हणजे जस्ताची कीड. ओतकाम जस्ताच्या मिश्रधातूचं असतं. जस्त, त्यात साधारण ४ टक्के ॲल्युमिनियम, थोडं मॅग्नेशियम, कधी तांबं. मिश्रण शुद्ध असेल तर शतकभर टिकतं. पण त्यात शिसं अगदी किंचित जरी मिसळलं, तरी धातूच्या कणांमधल्या सीमांवर गंज आतून चालू होतो. वस्तू फुगते, वाकते, भेगा पडतात आणि एक दिवस हातात भुगा येतो. भट्टीत काय भंगार पडलं त्यावर सगळं अवलंबून, म्हणून एकाच वर्षाचे दोन डबे शेजारी ठेवले तर एक ठणठणीत आणि एक भुगा असं होतं. ते जपण्यात तुमची काही चूक नाही; चाक ओतलं गेलं त्याच दिवशी रोग आत होता.

उपाय नाही. ऊब आणि दमटपणा कमी ठेवला तर वेग कमी होतो, इतकंच. चाकं आत्ताच काढून घ्या. फुगत गेली तर ती आस आणि चौकट दोन्ही वाकवतील. पर्यायी चाकं मिळतात. मूळ चाकं डबीत, वर चिठ्ठी लावून ठेवा, टाकू नका. आणि तो डबा देणार असाल तर घेणाऱ्याला हे स्पष्ट सांगा. मला एकदा एका विक्रेत्याने असा डबा न सांगता दिला होता, रंग वरून ताजा मारून. सहा महिन्यांत चौकट दुभंगली.

उजेडाबद्दल एकच: पांढऱ्या प्लास्टिकचे डबे खिडकीसमोर नकोत. पिवळे पडतात आणि मूळचा पांढरा खात्रीने परत येत नाही. दुधाच्या डब्यांचं हे फार होतं.

आणि बॅटरी. दिवे लागणारा, आवाज करणारा कुठलाही डबा ठेवताना सेल काढूनच ठेवायचा. अपवाद नाही.

*

सांधेवाला

जपण्याबद्दल भरपूर झालं, आता धावण्याबद्दल. स्मारक डबे धावत नाहीत अशी तक्रार येते, तिचं कारण बहुतेक वेळा वजन असतं. चित्र छापायला मोठी बाजू मिळावी म्हणून डबा मोठा, पण आत पोकळ. वळणावर लांब गाडीच्या मधोमध तो जोडला की आतल्या बाजूला ओढला जाऊन रूळ सोडतो. अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वे संघटनेचं जुनं सूत्र कामाचं आहे: एचओसाठी १ औंस, अधिक डब्याच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. सहा इंची डबा असेल तर ४ औंस, म्हणजे साधारण ११३ ग्रॅम. वजन गोंदाने चिकटवू नका, दुतर्फी टेपने लावा, म्हणजे उद्या डबा मूळ अवस्थेत आणता येतो.

दुसरं, मार्कलिन या जर्मन मॉडेल रेल्वे कंपनीचे वार्षिक डबे ज्यांच्याकडे आहेत त्यांच्यासाठी. गोपिंगनच्या त्यांच्या संग्रहालयाचा दरवर्षी निघणारा डबा बरेच जण जमवतात. मार्कलिनच्या पद्धतीत मधल्या खुंट्यांतून वीज येते आणि दोन्ही रूळ एकाच टोकाला जोडलेले असतात, म्हणून त्यांच्या धातूच्या चाकजोड्या विजेच्या दृष्टीने एकमेकांपासून तोडलेल्या नसतात. तो डबा दोन-रुळी डीसी मांडणीवर ठेवला की थेट शॉर्ट सर्किट. चाकजोड्या बदला, पाच मिनिटांचं काम. जुन्या काढलेल्या खोक्यात ठेवा.

आणि कंदील, १९ डब्यांची गाडी वळणात मावत नाही म्हणता, तर जड डबे इंजिनाजवळ, हलके मागे असं करून बघा. सालांचा क्रम मोडायचा नसेल तर मात्र हलक्यांना वजन देणं हाच मार्ग.

*

कंदील

क्रम मोडायचा नाही. वजन देते. आभार.

*

एन_गेज

अवांतर, पण विचारून घेतो. लायनेलची गुलाबी गाडी कुणाकडे आहे का? एका संग्रहात तिचा एक डबा बघितला आणि खरा की खोटा तेच कळेना.

*

तिसरा_रूळ

१९५७ ची. मुलींसाठी म्हणून काढलेली: गुलाबी वाफेचं इंजिन, फिकट जांभळा हॉपर (तळातून माल ओतणारा डबा), पिवळी आणि फिकट निळी बंद वाघीण, आकाशी गार्डाचा डबा. चालली नाही. मुलींना खऱ्यासारखी काळी गाडीच हवी होती, असं सांगितलं जातं, आणि मला ते अगदी पटतं. न खपलेली म्हणून आज शोधली जाते, आणि शोधली जाते म्हणून नकलाही भरपूर. लायनेलने नंतर स्वतःच तिची पुनरावृत्ती काढली, ती वेगळी. ती प्रामाणिक आहे.

नक्कल ओळखायची तर: डब्याच्या आतून प्लास्टिकचा रंग बघा. बाहेर रंग आणि आत दुसऱ्याच डब्याचं प्लास्टिक असेल तर शंका घ्या. रिव्हेटच्या उंचवट्यांभोवती रंग साचलाय का, कडा बोथट दिसतात का, भिंगातून बघा. दुसरा थर तिथे उघडा पडतो. अक्षरं मूळ पद्धतीने छापलेली की स्टिकरसारखी वरून चढवलेली, तेही भिंगातच कळतं. अंधारात अतिनील दिव्याखाली जुना आणि नवा रंग पुष्कळदा वेगळे चमकतात. सगळ्यात अवघड म्हणजे रसायनाने रंग बदललेले डबे, तिथे नवा थरच नसतो. अशा वेळी खात्रीचा दुसरा नमुना शेजारी ठेवल्याशिवाय मी बोलत नाही.

*

रुळवेडा (धागाकर्ता)

वही पूर्ण झाली. १४३ ओळी लिहायच्या होत्या, ८८ लिहून झाल्या. ५५ डब्यांपुढे पेन थांबलं. काही सुचेना, म्हणजे ते मी का घेतले हे मलाच आठवत नव्हतं. ते बाजूला काढलेत. आश्चर्य म्हणजे त्यांत चांगले, महागाचे डबे बरेच आहेत आणि त्यांचं मला वाईट वाटत नाहीये.

ठेवलेल्यांत एक डबा मी आधी देणारच होतो. एका पुलाच्या शताब्दीचा, चित्र सामान्य, रंगही उतरलेला. त्याच्या ओळीत लिहिलं: 'या पुलावरून बाबांबरोबर गेलो होतो, त्यांनी खिडकीतून खाली नदी दाखवली.' लिहीपर्यंत हे डोक्यात नव्हतं. कंदील, हे तुमच्यामुळे.

स्पंज सगळे काढले. चाकं काढून डबीत ठेवली, चिठ्ठीसकट. तेरा राज्यं नंबराने उभी आहेत. दूध, गुरं, कोंबड्या, मासे, ब्रेकमन, जिराफ आणि शेवटी स्फोटाची वाघीण, अशी एक फळी लावलीय. ती देणार नाही.

एक शेवटचा प्रश्न तिसरा_रूळ यांना. जिराफाच्या खांबाच्या दोऱ्या पार कुजल्या होत्या, नव्या बांधतोय. लांबी किती ठेवू?

*

तिसरा_रूळ

छपराला टेकतील इतक्या नको, डब्यात अडकतील. ब्रेकमनचा डबा त्याखाली उभा करा आणि उभ्या माणसाच्या छातीला लागतील इतक्या कापा. पातळ सुती दोरा घ्या. नायलॉनचा वळतो आणि सरळ लोंबत नाही.